जागलेली रात्र, निसटलेलं नाटक

लहानपणी आजोबा मला मालवणजवळच्या आमच्या गावच्या जत्रेत दशावतार बघायला न्यायचे. पहाटे परतताना विचारायचे, "नाटकात काय झाला रे?" रात्रभर टक्क जागा राहूनही मला सांगता यायचं नाही. राजाच्या बाकाचा डुगडुगणारा पाय, पायपेटीवाल्याच्या तुटक्या चपला, सगळं लख्ख आठवायचं. कथा मात्र गायब.

गेल्या वर्षी, नोकरीत चार-पाच वर्षं काढल्यावर, एडीएचडीचं निदान झालं. या विकाराच्या नावातच लक्षाची 'कमतरता' आहे. माझा अनुभव वेगळा आहे: लक्ष भरपूर असतं, ते कुठे बसेल यावर हुकमत नसते. आणि जे मनात नोंदलंच गेलं नाही, ते आठवणार कुठून? प्रोग्रॅमने लॉगच लिहिला नसेल, तर नंतर कितीही शोधा, काय सापडणार?

यंदा हे डोक्यात ठेवून पुन्हा दशावताराला बसलो. या नाटकाला छापील संहिता नसते. आख्यान ठरतं, संवाद नट उभ्या उभ्या रचतात. आलेलं पात्र आपण कोण, कुठून आलो, मनात काय आहे, हे सविस्तर सांगतं. नवख्याला हा पाल्हाळ वाटेल. पण खाजं आणायला उठलेल्या, मध्येच डुलकी लागलेल्या माणसासाठी तीच परतीची वाट असते. रात्रभर कुणाचंच लक्ष टिकत नाही, हे या कलेने गृहीतच धरलंय. फोनवर याच दशावताराच्या रील येतात. त्यांत फक्त युद्ध नाहीतर विलाप. रील लक्ष पकडून ठेवते. दशावतार सुटलेलं लक्ष परत घेतो.

म्हणून माझं विसरणं सुंदर ठरत नाही. आजोबा आता नाहीत. त्या रात्रींत ते कुठे हसले, कुठल्या प्रसंगाला डोळे पुसले, मला माहीत नाही. मी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो आणि माझ्याकडे उरलाय तो बाकाचा पाय. ही भरपाई कुठलीही कला करू शकत नाही.

पहाटे दहीकाला होईपर्यंत थांबलो. सोबत सात वर्षांची भाची होती. तिला कथा विचारली नाही. म्हटलं, "काय बघलंस गो?"

"राजा भायर च्या पी होतो."

"आणि?"

घर येईपर्यंत ती सांगत होती. मी ऐकत होतो, बराचसा.