सर्वकाळची आवडती गीते : निवड कोणाची, कसोटी कोणती?

'आपली सर्वकाळची आवडती दहा गीते निवडा,' असे कोणी सुचवले की बैठकीतील अबोल माणूसही बोलका होतो. हा एक निरुपद्रवी खेळ आहे, असा सर्वसाधारण समज आहे. आम्हास तो पूर्णपणे मान्य नाही. यादीत जे येते ते पुढच्या पिढीच्या कानी पडत राहते. जे सुटते ते हळूहळू विस्मृतीत जाते. म्हणून नभोवाणीने आणि नियतकालिकांनी केलेल्या अशा काही निवडींची चिकित्सा येथे करावी, असा आमचा विचार आहे.

मूळ शब्दप्रयोगातच एक ओढाताण आहे. आवड ही एका व्यक्तीची असते. तिच्या वयाशी, घराशी, ऐन उमेदीच्या वर्षांशी ती बांधलेली असते. 'सर्वकाळ' हा शब्द मात्र त्या व्यक्तीच्या आयुष्यापलीकडचा आहे. हे दोन शब्द एका दोरीत बांधायचे तर मधली गाठ कोणती, हा खरा प्रश्न होय.

आपल्याकडील सर्वांत गाजलेली निवड म्हणजे 'बिनाका गीतमाला'. 1952 साली माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे चित्रपटगीतांना आकाशवाणीवर जवळजवळ मज्जाव झाला, आणि श्रोत्यांनी आपल्या रेडिओचा काटा रेडिओ सिलोनकडे वळवला. त्याच वर्षाच्या अखेरीस अमीन सायानी यांचा हा कार्यक्रम तेथून सुरू झाला. प्रारंभी त्यात क्रमवारी नव्हती. ती पुढे आली. बुधवारी रात्री कोणते गीत कोणत्या 'पायदानावर' चढले, हे ऐकण्यासाठी घराघरांत जेवणे लवकर उरकली जात. 1957 च्या ऑक्टोबरात 'विविध भारती' सुरू होऊन चित्रपटगीतांना आकाशवाणीवर जागा मिळाली, तरी गीतमालेची लोकप्रियता ओसरली नाही. सायानी फेब्रुवारी 2024 मध्ये निवर्तले, तेव्हा तीन पिढ्यांना आपल्याच घरचा आवाज गेल्यासारखे वाटले. या कार्यक्रमाचा एक गुण आम्हास विशेष वाटतो. रेकॉर्डांची विक्री व श्रोत्यांची पसंती यांवर ही क्रमवारी उभी होती आणि तिचा दावा आठवड्यापुरता, फार तर वर्षापुरता होता. सर्वकाळाची भाषा तिने केली नाही. लोकप्रियता मोजायची तर ती अशीच, मुदत सांगून मोजावी.

याउलट उदाहरण 2002 सालचे आहे. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसने आपल्या सत्तराव्या वर्षानिमित्त जगभरच्या श्रोत्यांची मते मागवून जगातील आवडती दहा गीते ठरवली. पहिले आले 'द वुल्फ टोन्स' या गायकवृंदाने गायलेले एक आयरिश राष्ट्रगौरवगीत, दुसरे 'वंदे मातरम्' आणि तिसरे 'दिल दिल पाकिस्तान'. 'वंदे मातरम्' दुसरे आल्याचा आनंद कोणा भारतीयास होणार नाही? परंतु निकाल शांतपणे पाहिला तर पहिली तिन्ही गीते देशप्रेमाची आहेत, हे ध्यानी येते. मत देणाऱ्याने 'हे गीत मला एकांतात सोबत करते का?' असे स्वतःस विचारले नसावे. 'माझा देश मागे राहता कामा नये,' एवढेच त्याच्या मनात असावे. निष्ठा ही थोर गोष्ट आहे. मात्र येथे प्रश्न आवडीचा होता आणि मोजली गेली निष्ठा.

मग ही निवड जाणकारांवर सोपवावी काय? अमेरिकेतील 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकाने 2004 साली संगीतक्षेत्रातील मंडळींचा कौल घेऊन पाचशे सर्वश्रेष्ठ गीतांची यादी छापली. बॉब डिलन यांचे गीत पहिले ठरले. 2021 मध्ये त्याच नियतकालिकाने नव्याने कौल घेतला, तेव्हा अरेथा फ्रँकलिन यांनी गायलेले 'रिस्पेक्ट' पाचव्या स्थानावरून पहिल्यावर आले, डिलन चौथ्या स्थानी गेले आणि निम्म्याहून अधिक गीते पहिल्या यादीत नसलेली अशी होती. 'रिस्पेक्ट' या गीताची ध्वनिमुद्रिका 1967 सालची; सतरा वर्षांत तिच्यातील एकही स्वर बदललेला नव्हता. बदलले होते ते कौल देणारे आणि त्यांचा काळ. सर्वकाळाचे आयुष्य सतरा वर्षे असेल, तर त्यास दुसरे नाव शोधलेले बरे.

आम्हास सर्वांत प्रामाणिक वाटते ती पद्धत बीबीसीच्याच दुसऱ्या एका कार्यक्रमाची आहे. रॉय प्लम्ली यांच्या कल्पनेतून 1942 साली, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' सुरू झाला. तो आजही चालू आहे. निर्जन बेटावर एकटे राहायचे आहे, सोबत आठच ध्वनिमुद्रिका नेता येतील. त्या कोणत्या व का, हे पाहुण्याने सांगावयाचे. बायबल व शेक्सपिअरचे समग्र साहित्य बेटावर आधीच ठेवलेले असते. पुढे आणखी एक प्रश्न येतो : लाटेने सारे वाहून जाऊ लागले, तर आठांतील कोणती एक वाचवाल? या मर्यादेमुळे क्रमवारीचा मोह गळून पडतो. 'श्रेष्ठ कोणते?' हा प्रश्न मागे पडून 'कशावाचून मला राहवणार नाही?' हा पुढे येतो. अर्थात माणूस तेथेही लपत नाही. विख्यात गायिका एलिझाबेथ श्वार्झकॉफ यांनी 1958 साली निवडलेल्या आठांपैकी सात ध्वनिमुद्रिका त्यांच्या स्वतःच्याच होत्या!

तथापि या साऱ्या याद्यांत एक समान उणीव आहे. निवड केवळ ध्वनिमुद्रित गीतांतून होते. भारतात गौहरजान यांचे गाणे प्रथम मुद्रित झाले ते 1902 च्या नोव्हेंबरात. म्हणजे आपल्या 'सर्वकाळाची' लांबी अवघी सव्वाशे वर्षे! त्याआधी माणसे काय मुकी होती? नाताळच्या 'स्टिले नाख्ट' या गीताचेच पाहा. ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ गावी 1818 च्या नाताळच्या पूर्वसंध्येस ते प्रथम गायले गेले. शब्द योसेफ मोर या तरुण धर्मगुरूचे, चाल फ्रान्झ ग्रूबर या शाळामास्तरांची. फिरत्या गायककुटुंबांनी ते दूरवर नेले. कर्त्यांची नावे मागे पडली, गीत पुढे गेले. अखेर 1854 साली ग्रूबर यांना हे गीत आपलेच असल्याचा लेखी खुलासा करावा लागला. ते ज्या चर्चमध्ये प्रथम गायले गेले ती वास्तूही आज उभी नाही. गीत मात्र आपल्या गावोगावच्या देवळांत दर नाताळला उभे राहते.

दुसरे उदाहरण आपल्या मराठी मातीतले. जात्यावरच्या ओवीस गायिकेचे नाव नसे, वाद्य नसे, श्रोताही बहुधा नसे. पहाटेच्या दळणाला जोडीला शेजारीण असली तर तीच श्रोता. पिठाची गिरणी आली, बाईचे कष्ट हलके झाले. हे चांगलेच झाले. परंतु ओवीचा प्रसंगच सरला. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉयटवाँ यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, म्हणून निदान त्या वाचल्या. त्यांत सीतेचा वनवास आहे, पंढरीची वाट आहे, भावाची माया आहे, डॉ. आंबेडकरांविषयीची कृतज्ञताही आहे. त्यांपैकी एकही ओवी कोणत्या पायदानावर कधी चढली नाही.

आता आमची कसोटी सांगणे प्राप्त आहे. पहिली : गायक व वाद्यवृंद दूर केल्यावर ते गीत सामान्य माणसाच्या मुखी तग धरते काय? दुसरी : वयाबरोबर त्याचा अर्थ वाढतो काय? ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवरून 1955-56 मध्ये प्रसारित झाले. त्या छप्पन्न गीतांपैकी पितृशोकात बुडालेल्या भरताची राम समजूत घालतो ते गीत विशीत चालीसाठी आवडते; आईवडिलांना निरोप दिल्यावर तेच ऐकताना शब्द जड होतात. तिसरी : ते आपण कोणाच्या हाती ठेवू इच्छितो काय? केवळ स्वतःपुरते आवडणे ही रुची झाली. ती मुलानातवंडांना द्यावीशी वाटणे ही निवड झाली.

हे लिहिण्याची निकड अशी की, वसईतील सामवेदी व वाडवळी बोलींतील लग्नगीते, मुंबईच्या ईस्ट इंडियन गावठाणांतील गाणी ज्यांना मुखोद्गत आहेत त्या वृद्ध स्त्रिया वर्षागणिक थोड्या होत आहेत. कोणत्याही यादीने त्यांची दखल घेतलेली नाही. पुढेही घेईल असे चिन्ह नाही. लग्नाच्या मांडवात ध्वनिवर्धक लागला की त्या आपोआप गप्प होतात, आणि त्यांना कोणी गा म्हणत नाही.

तेव्हा वाचकहो, घरोघरी यादी अवश्य करा, पण आठांचीच करा. सात गीते खुशाल रेकॉर्डवरची, चित्रपटातली, उपासनेतली घ्या. आठवे मात्र घरातील सर्वांत वडील माणसाला विचारून, त्याच्या तोंडून ऐकून, वहीत उतरवून घ्या. जमल्यास आवाजही टिपून ठेवा. चाल थोडी चुकली, एखादे कडवे आठवले नाही, तरी चालेल. विचारण्यास मात्र उशीर नको.