बालरहस्यकथा आणि शासनव्यवहाराचे शिक्षण : डहाणू-तलासरीच्या संदर्भात एक विवेचन

बालवाङ्मयात रंजन श्रेष्ठ की बोध श्रेष्ठ, हा वाद मराठीत जुना आहे. रहस्यकथेपुरता तरी तो निरर्थक ठरतो. कारण या वाङ्मयप्रकारात जाणून घेणे हेच रंजन असते. काही तरी दडलेले आहे, ते पुराव्याच्या आधारे उघडकीस आणावयाचे आहे आणि त्यासाठी माहीतगारांना प्रश्न विचारावयाचे आहेत, हा या कथेचा सांगाडा होय. शासनाशी व्यवहार करताना नागरिकालाही नेमके हेच करावे लागते. निर्णय कोणी घेतला, कोणत्या कागदाच्या आधारे घेतला आणि त्याविरुद्ध दाद कोठे मागावयाची, हे सर्व तपासाचेच प्रश्न आहेत. तेव्हा मुलांना शासनव्यवहार समजावून देण्यास रहस्यकथेइतके अनुकूल साधन क्वचितच सापडेल. मराठी बालरहस्यकथेने या साधनाचा उपयोग कितपत केला आणि ती कोठे थांबली, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

तुलनेसाठी एक परकीय उदाहरण प्रथम विचारात घ्यावे लागेल. एरिख केस्टनर या जर्मन लेखकाने १९२९ साली एमिल नावाच्या मुलाची कथा प्रसिद्ध केली. आगगाडीने बर्लिनला निघालेल्या एमिलजवळचे १४० मार्क प्रवासात चोरीस जातात. परंतु तो पोलिसांकडे जात नाही. आपल्या गावातील एका पुतळ्याचे नाक रंगविल्याची आठवण त्याला डाचत असते, आणि पोलीस आपल्यालाच धरतील अशी त्याला धास्ती वाटते. शासन येथे प्रथम भेटते ते भीतीच्या रूपाने. पुढे बर्लिनमधील मुले एकत्र येतात, बैठक भरवितात, कामे वाटून घेतात. त्यांतील एका लहानग्याच्या वाट्याला घरी दूरध्वनीजवळ बसून राहण्याचे नीरस काम येते आणि ते तो निष्ठेने पार पाडतो. अखेरीस नोटांना पडलेली टाचणीची भोके हा निर्णायक पुरावा ठरतो, कारण एमिलने त्या नोटा खिशात टाचणीने टाचून ठेवलेल्या असतात. पुरावा मुलाचा आहे. पण त्याची पडताळणी बँकेत, चारचौघांसमक्ष होते. कथेच्या शेवटी आजी सांगते तो बोध एवढाच, की पैसे मनिऑर्डरनेच पाठवावेत. लेखकाने येथे बोधाचीच थट्टा केली आहे. खरा बोध त्याने आधीच कथानकात मुरवून ठेवला आहे.

या कथेवरून एक निकष मिळतो. संस्थांचा व्यवहार कळल्यावाचून जेथे रहस्य उलगडतच नाही, तेथेच कथा शासनाविषयी काही शिकविते. रहस्य उलगडल्यानंतर एखाद्या वडीलधाऱ्या पात्राने कायद्यावर व्याख्यान दिले, तर ते शिक्षण नव्हे. ती कथेला जोडलेली पुरवणी होय.

या निकषावर मराठीतील सर्वांत लोकप्रिय बालनायकाची परीक्षा करता येईल. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी निर्माण केलेला फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजेच ‘फास्टर फेणे’, पुण्याच्या विद्याभवन शाळेचा विद्यार्थी. ‘बालमित्र’ मासिकाच्या या संपादकाने मराठी मुलाला घराच्या ओट्यावरून उचलून सायकलवर बसविले आणि मोठ्या माणसांच्या जगात स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयास शिकविले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. फेणेचे साहस प्रतापगडापासून काश्मीरपर्यंत खऱ्याखुऱ्या भूगोलात घडते. मोठ्यांना जे खटकत नाही ते त्याला खटकते. आणि ‘हे असे का?’ या प्रश्नाचा त्याने कधी संकोच मानला नाही.

परंतु फेणेच्या जगात शासन म्हणजे प्राधान्याने गणवेश होय. कथा धावत धावत पोलिसांपर्यंत पोहोचते, गुन्हेगार स्वाधीन होतो आणि पडदा पडतो. पुढे त्याच्यावर कोणता आरोप ठेवला गेला, तो कोणापुढे उभा राहिला, त्याला आपली बाजू मांडावयास मिळाली की नाही, यांविषयी कथेला आस्था नाही. मुलगा शासनाचा साहाय्यक असतो; शासनाला प्रश्न विचारणारा मात्र तो क्वचितच होतो. भागवतांचा हेतू साहसकथा लिहिण्याचा होता आणि तो त्यांनी उत्तम रीतीने साधला, तेव्हा हा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मात्र त्यांच्या मागून येणाऱ्यांनी तेथेच थांबावे, याचे समर्थन करता येत नाही. दुसऱ्या बाजूस नागरिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ग्रामसेवक, तलाठी, तहसीलदार ही पदे ओळीने येतात. त्यांची कर्तव्ये पाठ केली जातात. पण त्यांच्यापुढे एखादा अडलेला माणूस उभा असलेला कोठे दिसत नाही. एकीकडे शासनावाचून उत्कंठा, तर दुसरीकडे उत्कंठेवाचून शासन, अशी ही फारकत आहे.

या उणिवेचे गांभीर्य पुण्यात बसून जाणवणार नाही इतके डहाणू रोडच्या फलाटावर उतरल्यावर जाणवते. पश्चिम रेल्वेवरील या स्थानकाच्या पूर्वेस वारली पाड्यांचा मुलूख सुरू होतो; डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. येथील मुलाला शासन प्रथम दिसले ते फेणेला दिसलेल्या रूपात नव्हे. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात वेठीचे आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर राबणाऱ्या लग्नगड्यांचे चित्र आहे. १९४५ च्या वारली उठावात, १० ऑक्टोबर रोजी, तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. ज्या समाजाच्या आठवणीत हे आहे, त्यातील मुलापुढे ‘पोलीस आले आणि सर्व ठीक झाले’ हा शेवट ठेवला, तर तो मुलगा ही कथा दुसऱ्या कोणाची तरी आहे असे समजून पुस्तक मिटून ठेवील. एमिलची धास्ती त्याला अधिक जवळची वाटेल.

या मुलासाठी रहस्य शोधावयास फार दूर जाण्याचे कारण नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला तिच्यावर हक्क सांगता येतो. हा दावा प्रथम ग्रामसभेपुढे येतो. ग्रामसभेने निवडलेली वनहक्क समिती जागेवर जाऊन पाहणी करते. पुढे प्रकरण उपविभागीय व जिल्हास्तरीय समित्यांकडे जाते. एकाहून अधिक पुरावे लागतात, आणि त्यांत सरकारी दप्तराप्रमाणेच जुनी विहीर, दफनभूमी, देवस्थान आणि गावातील वृद्धांचा लेखी जबाब यांनाही स्थान आहे. रहस्यकथेला याहून समृद्ध सामग्री कोणती हवी? समजा, एखाद्या आजोबांचा दावा पुराव्याअभावी अडला आहे. नात शोधास लागते. झोपडीच्या आढ्यात खोचलेल्या जुनेराच्या गाठोड्यात तिला वनखात्याने पूर्वी केलेल्या दंडाची पावती सापडते. अतिक्रमणाबद्दल जी शिक्षा झाली, तीच आता त्या वर्षी आजोबा ती जमीन कसत होते याचा पुरावा म्हणून पुढे ठेवता येते. ज्या कागदाची कुटुंबाला लाज वाटत होती, तोच त्याचा आधार ठरतो. ही कलाटणी कायदा समजल्याशिवाय उमगत नाही आणि एकदा उमगली की विसरता येत नाही.

पाठलागाची हौस असलेल्या लेखकाचीही हा प्रदेश निराशा करीत नाही. तलासरीच्या आसपास महाराष्ट्र, गुजरात आणि दादरा-नगर हवेली यांच्या सीमा जवळजवळ येतात. चोर तासाभरात तीन प्रशासनांची भूमी ओलांडू शकतो. अशा वेळी ‘ही आमची हद्द नव्हे’ असे उत्तर मुलांना मिळाले, तर खरे कौशल्य धावण्यात राहत नाही. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याला नोंदवून घ्यावी लागते. हे ज्या मुलीला ठाऊक आहे, ती फेणेच्या सायकलपेक्षाही वेगाने पुढे जाईल.

या मार्गावर दोन धोके संभवतात. पहिला प्रचाराचा. सर्व अधिकारी देवमाणसे, किंवा सर्वच लबाड, अशी मांडणी झाली की रहस्य संपते. कारण मग उत्तर पहिल्या पानावरच ठरून जाते. शासनव्यवहारातील अन्यायाला पुष्कळदा एकच खलपुरुष नसतो. एकाने चुकीची नोंद केली, दुसऱ्याने ती तपासली नाही, तिसऱ्याने नोटीस बजावली ती वाचता न येणाऱ्याच्या हाती पडली. दोष अशा रीतीने वाटला गेलेला असतो. तो उलगडून दाखविणे हे एखाद्या चोराच्या मुसक्या आवळण्यापेक्षा कठीण, पण कलेच्या दृष्टीने अधिक मोलाचे काम आहे. दुसरा धोका भाषेचा. दप्तराची भाषा, प्रमाण मराठी आणि घरातील वारली बोली यांतील अंतर हेच येथील मुलाच्या वाटेतील पहिले कुलूप आहे. ‘फेरफार’ किंवा ‘पंचनामा’ यांसारख्या शब्दाचा अर्थ शोधणे हाच कथेतील तपासाचा एक टप्पा व्हावयास हवा. तळटीप देऊन ती जबाबदारी टाळता येणार नाही.

या बाबतीत याच तालुक्याने एक आदर्श घालून दिला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले आणि पुढे कोसबादच्या टेकडीवर नेलेले बालशिक्षणाचे कार्य एका साध्या तत्त्वावर उभे होते. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, गुरे राखत असेल तर कुरणात न्यावी, आणि शिकविण्याचे साहित्य त्याच्या परिसरातील खड्यापानांतून घ्यावे. बालरहस्यकथेलाही हेच तत्त्व लागू आहे. शासन मुलाच्या अंगणात आधीच येऊन पोहोचले आहे; ते पावतीच्या, नोटिशीच्या, सातबाराच्या आणि शिधापत्रिकेच्या रूपाने घराच्या आढ्यात खोचलेले आहे. उणीव आहे ती ते गाठोडे सोडून वाचणाऱ्या नायक-नायिकेची.

फास्टर फेणेने मराठी मुलाला दडलेला चोर ओळखावयास शिकविले. दडलेला कागद ओळखावयास शिकविणारी कथा त्याच्यापुढील पाऊल ठरेल. तिच्या शेवटी पोलीस येवोत वा न येवोत. ग्रामसभेत एका मुलीने आजोबांच्या वतीने उभे राहून विचारलेला प्रश्न इतिवृत्तात नोंदला गेला, तरी त्या कथेला पुरेसा थरार आणि पुरेसा शेवट लाभेल.