टिळकांना हाक आगगाडीत आली, लक्ष्मीबाईंना पाण्यापाशी

पास्खा काळातल्या चौथ्या रविवारी जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये पाचारणासाठी प्रार्थना होते. १९६४ पासूनची ही प्रथा. पाचारण म्हणजे देवाची हाक. वसईत वाढल्यामुळे हा शब्द मला लहानपणापासून ओळखीचा. त्या दिवशीचं प्रवचन मी जेव्हा जेव्हा ऐकलं, तेव्हा ते बहुतेक फादर आणि सिस्टर होणाऱ्या मुलामुलींबद्दलच होतं. बाकावर बसलेल्या आम्हा उरलेल्यांना वाटायचं, आपल्याला काही हाक आलेली नाही. आपल्याला घरी जाऊन रविवारचं जेवण करायचंय.

लग्नानंतर मी खाडीच्या अलीकडे, घोडबंदर रोडला राहायला आले. माहेरी जाताना गायमुखच्या घाटात बस अडकते आणि मग तासभर काही करता येत नाही. अशाच एका तासात मी लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा उघडलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा भरपूर हसले होते. या वेळी हसताना मधेच थांबले. मराठीत पाचारणावरचं सगळ्यांत खरं पुस्तक हेच आहे, असं मला आता वाटतं. ते कसं, ते सांगते.

या पुस्तकात दोन माणसांना हाक येते. पहिली नारायण वामन टिळकांना. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक युरोपियन प्रवासी त्यांना भेटतो, बायबलचा नवा करार हातात ठेवतो आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगतो. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा होतो. अनोळखी माणूस, पुस्तक, भाकीत, तारीख. हाक म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येतं ते असंच काहीतरी.

लक्ष्मीबाईंच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. त्यांच्या वाट्याला येते ती नवरा बाटल्याची बातमी. पदरात दत्तू, लोकांचे टोमणे, नातेवाइकांच्या आधाराने काढलेली वर्षं. टिळकांनी देवाला ‘हो’ म्हटलं, पण त्या ‘हो’ची किंमत दुसऱ्याच कुणीतरी भरली. हे पुस्तकात कुठेही तक्रारीच्या सुरात येत नाही, पण पानापानावर दिसतं. पुढे त्या टिळकांकडे परत येतात, तेव्हाही धर्म सोडलेला नसतो. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं.

पाण्याकडे नीट पाहायला हवं. लक्ष्मीबाईंचं बालपण नाशिकजवळच्या जलालपूरचं. वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आलेल्या सामानालाही धुण्यातून सुटका नाही. या गोष्टी त्या इतक्या मजेत सांगतात की आपण हसत पुढे जातो. पण त्या विनोदातून एक मोठी गोष्ट मांडून झालेली असते. या मुलीसाठी धर्म म्हणजे पाणी: कुणाच्या हातचं चालतं, कुणाच्या हातचं चालत नाही.

म्हणून त्यांचं वळणही पाण्यापाशीच येतं. एके दिवशी त्यांच्या मनात विचार येतो, देवाने माणसं केली, मग जाती कुणी केल्या? आकाशवाणी नाही, स्वप्न नाही, पाद्र्याचा उपदेश नाही. विचार पक्का होतो आणि इथून पुढे कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं, असं त्या ठरवतात. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. म्हणजे जातीचा निकाल आधी लागला आणि चर्चचा विधी मागाहून आला.

‘स्मृतिचित्रे’ आपण साधारण दोन प्रकारे वाचतो. एक म्हणजे भोळाभाबडा, उधळा कवी आणि त्याची खमकी बायको यांच्या संसाराची धमाल. दुसरा प्रकार चर्चमधल्या वाचकांचा: एका ब्राह्मण कुटुंबाची ख्रिस्ताकडे येण्याची साक्ष. पहिल्या वाचनात श्रद्धा गळते, दुसऱ्यात स्वयंपाकघर. इंग्रजी भाषांतरांची शीर्षकंही पाहा. १९५० च्या भाषांतराचं नाव ‘आय फॉलो आफ्टर’. शब्द बायबलच्या इंग्रजी भाषांतरातले, पण मुखपृष्ठावर ते नवऱ्यामागून चालणाऱ्या बाईचेच वाटतात. २०१७ च्या शांता गोखल्यांच्या भाषांतराच्या उपशीर्षकात त्या ‘स्पिरिटेड वाइफ’ होतात. बाणेदार, पण तरी बायकोच. लक्ष्मीबाई कुणाच्या मागून आल्याच नाहीत, त्या आपल्या वाटेने आणि आपल्या वेळेला आल्या, हे दोन्ही नावांत झाकलं जातं.

घरकामात देव भेटणं आपल्याला नवं नाही. जनाबाईबरोबर विठोबा दळायला बसतो. पॅरिसच्या मठात सतराव्या शतकातला ब्रदर लॉरेन्स भांडी घासता घासता देवाशी बोलतो. पण लक्ष्मीबाईंच्या जात्याशी कुणी देव येऊन बसत नाही. त्यांच्या दाराशी येतात ते टिळकांनी न सांगता आणलेले पाहुणे आणि अनाथ मुलं. घरात आलेला पैसा टिळकांच्या हातून घराबाहेर गेलेला असतो आणि तरी सगळ्यांना जेवायला घालायचं असतं. ब्रदर लॉरेन्सला निदान उद्याच्या पिठाची जबाबदारी मठावर टाकता येत होती.

इथे एक शंका यायलाच हवी. ‘घरकाम हेच तुझं पाचारण’ हे वाक्य बायकांना चुलीपाशी बसवायला फार सोयीचं आहे. ते बोलणारा माणूस सहसा जेवायला बसलेला असतो. लक्ष्मीबाई मात्र चुलीचं गोडवं गात नाहीत. त्या भांडतात, टोमणे मारतात, टिळकांच्या औदार्याचा हिशेब मांडतात. आणि त्या चुलीपाशी थांबलेल्याही नाहीत. टिळक १९१९ साली गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं आणि त्यातला बराच मोठा भाग त्यांचाच आहे. त्यांच्या कवितासंग्रहाचं नाव ‘भरली घागर’. तिथेही पाणी आलंच.

पुस्तकाची एक मर्यादा मला या वेळी जाणवली. ज्यांच्या हातचं पाणी प्यायचं त्यांनी ठरवलं, त्या माणसांचा आवाज या पुस्तकात फारसा नाही. सोवळं सोडणाऱ्या बाईचं धैर्य आपल्याला दिसतं. पिढ्यान् पिढ्या पाणी नाकारलं गेलेल्यांना त्या क्षणी काय वाटलं असेल, ते दिसत नाही. त्यासाठी दलित आत्मकथनांकडेच जावं लागतं.

हे सगळं मी आमच्या घरापर्यंत आणलं नसतं, तर बरं झालं असतं. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं. कोणत्या विहिरीतलं, कोणी भरलेलं, कुणी विचारत नाही. पण घरकामाला येणाऱ्या मावशींचा पेला वेगळा. स्टीलचा, खिडकीच्या कट्ट्यावर पालथा. घरात येशूच्या तसबिरीखाली दिवा आहे, सगळ्यांचे बाप्तिस्मे झालेत आणि या पेल्याला कुणी जात म्हणत नाही. ‘त्यांनाच बरं पडतं’, असं म्हणतात. इतकी वर्षं मीही म्हणत होते.

पुस्तक संपवल्यावर मी मावशींना आमच्या नेहमीच्या पेल्यात पाणी दिलं. त्यांनी ते ओठ न लावता वरून प्यायलं आणि पेला घासून ठेवला. मी ओशाळले. माझ्या चांगुलपणाने त्यांना उलट एक जास्तीचं काम लावलं होतं.

मग पुन्हा ते पान काढलं. माझं वाचन चुकलं होतं. लक्ष्मीबाईंनी कुणाला पाणी दिलं नव्हतं. दुसऱ्याच्या हातून पाणी घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. देणारी बाई वरच राहते, घेणारीला खाली यावं लागतं. पाचारण म्हटल्यावर आपण नेहमी आपल्याला काय देता येईल याचा विचार करतो, म्हणून हे निसटतं.

दुसऱ्या दिवशी कासारवडवलीहून चालत घरी आले, तेव्हा मावशी ओट्यापाशी होत्या. म्हटलं, “मावशी, जरा पाणी देता का?” कट्ट्यावरचा पेला मीच त्यांच्या पुढे केला. त्या एक क्षण माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी त्यात पाणी भरून दिलं.