काजळीचे गाणे : ‘मेरी पॉपिन्स’ आणि आपली मुले

लहान मुलांना कोणता चित्रपट दाखवावा, हा प्रश्न आपल्या चळवळीने फारशा गांभीर्याने हाताळलेला नाही. कविता, कथा, आत्मकथन यांवर आपण पुष्कळ वाद घातले. पण ज्या वयात माणसाच्या मनाची घडण होते, त्या वयात आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे काय नाचते आणि काय गाते, हा विषय घरगुती समजून आपण बाजूला ठेवला. वर्चस्वाची संस्कृती मात्र हा विषय कधीही बाजूला ठेवत नाही. ती पाळण्यापासून कामाला लागते.

शिक्षणाशी पहिल्यांदाच नाते जोडणाऱ्या आपल्या घरांत तर हा प्रश्न अधिकच नाजूक होतो. मुले इंग्रजी शाळेत जाऊ लागली की ‘अभिजात’, ‘सहकुटुंब पाहण्याजोगे’ अशी बिरुदे लावून काही कलाकृती घरात येतात. त्या नाकारण्याइतका आत्मविश्वास आपल्याजवळ नसतो आणि स्वीकारताना त्यांची तपासणी करण्याची सवयही नसते. माझ्या पिढीला मुलांनी काय पाहावे हे सांगणारे घरात कोणी नव्हते. म्हणून अशा एका नामांकित चित्रपटाची तपासणी येथे करावयाची आहे. तो चित्रपट म्हणजे वॉल्ट डिस्ने यांनी 1964 साली काढलेला संगीतप्रधान ‘मेरी पॉपिन्स’.

कथा थोडक्यात अशी. 1910 सालचे लंडन. बँकेत अधिकारी असलेले मिस्टर बँक्स घरही बँकेसारखे चालवू पाहतात. त्यांच्या जेन आणि मायकेल या मुलांना सांभाळायला आकाशातून छत्री धरून एक जादूची आया उतरते. तीच मेरी पॉपिन्स. तिचा मित्र बर्ट कधी रस्त्यावर वाद्ये वाजवतो, कधी फरसबंदीवर चित्रे काढतो, तर कधी धुराडी साफ करतो. मुले आनंदी होतात, बापाला मुलांची किंमत कळते, आणि वारा फिरताच मेरी निघून जाते. ज्यूली अँड्र्यूज यांना या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. चित्रपटाला एकूण 5 ऑस्कर मिळाली. शर्मन बंधूंची गाणी आज साठ वर्षांनंतरही जगभरची मुले गातात. चित्रपट देखणा आहे, खेळकर आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. कुरूप कलाकृतीची तपासणी सोपी असते. खरी कसोटी सुंदर कलाकृतीपुढेच लागते.

या चित्रपटाला ब्रिटनमध्ये प्रथमपासून ‘यू’ प्रमाणपत्र होते. म्हणजे चार वर्षांच्या मुलानेही तो निर्धास्तपणे पाहावा. फेब्रुवारी 2024 मध्ये तेथील प्रमाणपत्र मंडळाने ते बदलून ‘पीजी’ केले. लहान मुलांना दाखवण्यापूर्वी आईबापांनी विचार करावा, असा त्याचा अर्थ. कारण एकच शब्द. शेजारचा निवृत्त दर्यावर्दी अॅडमिरल बूम हा ‘हॉटेन्टॉट’ हा शब्द दोनदा वापरतो. शब्द भेदभावाचा आहे आणि चित्रपटात त्याचा कोठेही निषेध होत नाही, अशी मंडळाची भूमिका होती. यावर अपेक्षेप्रमाणे आरडाओरडा झाला. जुन्या निर्मळ करमणुकीत विष शोधणारे हे कोण, असा एक सूर. उशिरा का होईना पण शहाणपण सुचले, असा दुसरा. मला दोन्ही सूर अपुरे वाटतात. ते का, हे सांगण्यासाठी आधी तो शब्द पाहावा लागेल.

दक्षिण आफ्रिकेच्या केप भागात 1652 पासून वसाहत करणाऱ्या डच लोकांनी तेथील मूळच्या खोईखोई लोकांना हे नाव दिले. त्या लोकांनी स्वतःला असे कधी म्हणवून घेतले नव्हते. पुढे हे नाव ‘रानटी’ या अर्थाची शिवी बनले. सारा बार्टमन या खोईखोई स्त्रीला 1810 मध्ये लंडनला आणून याच नावाखाली पैसे घेऊन लोकांना दाखवण्यात आले. 1815 मध्ये ती पॅरिसला मेली, तरी तिची विटंबना संपली नाही. तिचा सांगाडा तेथील संग्रहालयात ठेवला गेला. तिच्या देहाचे अवशेष मायभूमीच्या मातीत पोहोचायला 2002 साल उजाडावे लागले. खोईखोईंपैकीच असलेल्या नामा लोकांचा 1904 ते 1908 या काळात जर्मन सैन्याने आजच्या नामिबियात संहार केला. त्यांतले सुमारे निम्मे लोक नाहीसे झाले. जर्मनीने या प्रकाराला वंशसंहार म्हणून मान्यता दिली ती 2021 मध्ये. म्हणजे चित्रपटाची कथा ज्या साली घडते, त्याच्या दोनच वर्षे आधी या नावाच्या माणसांची प्रेते आफ्रिकेच्या वाळवंटात पडली होती. अॅडमिरल बूमच्या तोंडून तो शब्द गंमत म्हणून येतो. मारणाऱ्यांच्या गोटातली गंमत ही अशीच असते.

आता तो प्रसंग पाहा. बर्ट आणि त्याचे सोबती लंडनच्या छपरांवर झाडू घेऊन नाचत आहेत. सर्वांची तोंडे काजळीने काळी. अॅडमिरल दुर्बिणीतून त्यांना पाहतो, हॉटेन्टॉटांनी हल्ला केला म्हणून ओरडतो आणि त्यांच्यावर शोभेच्या दारूचा मारा सुरू करतो. मंडळी हसत, उड्या मारत पळतात. माझी सात वर्षांची मुलगी हा प्रसंग पाहताना म्हणाली, “तोंड धुतलं तर ते उडवणार नाहीत ना?” टीकाकाराला जे सांगायला दोन पाने लागतात ते तिने एका वाक्यात सांगितले. काळे दिसणे हाच गुन्हा, आणि तो धुऊन टाकता येतो की नाही हाच काय तो प्रश्न. बर्टचे तोंड धुतले जाऊ शकते. खोईखोईंचे जाऊ शकत नाही. आपलेही शतकानुशतके धुतले गेले नाही.

शब्दांची ही हिंसा आपल्याला परकी नाही. मराठीत नको त्या चौकशीला ‘चांभारचौकशी’ म्हणतात आणि सुशिक्षित माणसे वर्गात, सभेत हा शब्द सहज वापरतात. 2007 साली ‘आजा नचले’ या हिंदी नृत्यप्रधान चित्रपटाच्या गाण्यात मोची जातीला खिजवणारे शब्द होते. उत्तर प्रदेश सरकारने बंदी घातल्यावर निर्मात्यांनी माफी मागून ते काढले. तेव्हाही ‘एका शब्दाने काय होते’ हा प्रश्न विचारला गेला होता. ज्याच्या अंगावर तो शब्द पडत नाही, तोच हा प्रश्न विचारतो.

तेव्हा ब्रिटिश मंडळाचा निर्णय योग्यच आहे. पण माझे म्हणणे येथे संपत नाही. मंडळाला शब्द दिसला. काजळी दिसली नाही. मुलांच्या मनावर जे खोल बसते ते एका म्हाताऱ्याचे ओरडणे नव्हे. धुराडी साफ करणे हे किती मौजेचे, किती भाग्याचे काम आहे, हे गाणे खोल बसते.

या कामाचा इतिहास काय आहे? इंग्लंडमध्ये अरुंद धुराड्यांत चढवण्यासाठी लहान मुले वापरली जात. अनाथ, गरीब घरची, काही तर पाच-सहा वर्षांची. गुडघे-कोपरे सोलून निघत, काही मुले धुराड्यातच गुदमरून मरत. या कामगारांना काजळीमुळे होणारा कर्करोग पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने 1775 मध्ये नोंदवला. धंद्यातून होणाऱ्या कर्करोगाची ती पहिली नोंद मानली जाते. 1788 मध्ये पहिला कायदा झाला. मग 1834, 1840, 1864. कायदे होत राहिले आणि मुले चढत राहिली, कारण बड्या घरांना ते सोयीचे होते. 1875 मध्ये जॉर्ज ब्रूस्टर हा बारा वर्षांच्या आतबाहेरचा मुलगा एका रुग्णालयाच्या धुराड्यात अडकून मेला, आणि मग त्या वर्षीच्या कायद्याने ही प्रथा बंद पडली. पहिल्या कायद्यापासून 87 वर्षे गेली.

हा आकडा वाचताना आपल्याला आपले आकडे आठवल्याशिवाय राहत नाहीत. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध आपल्याकडे 1993 मध्ये कायदा झाला, 2013 मध्ये दुसरा झाला. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना 10 लाख रुपये द्यावेत असे सांगितले, 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख केली. भरपाई वाढत आहे. माणसे गटारात उतरतच आहेत.

1910 साली धुराड्यांत मुले चढत नव्हती, म्हणून चित्रपटाने इतिहास खोटा दाखवला असे मी म्हणणार नाही. आक्षेप वेगळा आहे. या कामावर चित्रपटाने असा काही साज चढवला आहे की त्यातली मजुरी, खोकला, भूक हे सर्व अदृश्य होते. धुराडी साफ करणाऱ्याशी हात मिळवला तर भाग्य लाभते, अशी इंग्लंडात लोकसमजूत आहे आणि चित्रपटाचे गाजलेले गाणे तिच्यावरच उभे आहे. तेथे त्याचा स्पर्श शुभ, आपल्याकडे अशुभ. फरक मोठा दिसतो. पण दोन्ही ठिकाणी लोक त्याच्या हाताविषयी बोलतात, त्या हातावर पडणाऱ्या पैशाविषयी बोलत नाहीत.

घाणीच्या कामाला थोरवी बहाल करून ते करणाऱ्याला तेथेच ठेवण्याची ही रीत आपल्या चांगल्या परिचयाची आहे. 1936 मध्ये गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये आदर्श भंग्याचे चित्र रंगवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1945 च्या आपल्या ग्रंथात या भूमिकेचा समाचार घेतला. काम इतके उदात्त असेल तर त्याची थोरवी फक्त ते करणाऱ्यालाच का सांगावी लागते, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. बाबासाहेबांची ही कसोटी ‘मेरी पॉपिन्स’ला लावून पाहा. बँक्स कुटुंबातला कोणीही धुराडी साफ करणारा होणार नाही. मायकेल मोठेपणी बँकेतच जाईल. काजळी त्याच्यासाठी एका दुपारचा खेळ आहे, बर्टसाठी ती पोट आहे.

सेंट पॉल चर्चच्या पायऱ्यांवर बसलेल्या म्हातारीचेही तसेच. दोन पेनीला एक पुडी, पक्ष्यांना दाणे टाका, असे ती विनवते. गाणे हृदयस्पर्शी आहे; डिस्ने यांचे ते फार आवडते होते. पाखरे उपाशी आहेत हे आपल्या मनाला भिडते. म्हातारी जेवली काय, हे मात्र चित्रपटात कोणीच विचारत नाही. मिसेस बँक्स मताधिकारासाठी झगडणारी स्त्री आहे. पण तिचा झगडा हसण्यावारी नेला आहे, आणि शेवटी तिचा चळवळीचा पट्टा मुलांच्या पतंगाची शेपटी होतो. 1909 पासून या स्त्रियांना इंग्लंडच्या तुरुंगांत नळ्या घालून बळजबरीने अन्न भरवले जात होते, हे ज्याला माहीत आहे त्याला या विनोदावर हसू येणार नाही.

मग हा चित्रपट टाकाऊ आहे काय? नाही. त्यात एक प्रसंग असा आहे की त्यासाठी मी तो आपल्या मुलांना दाखवीन. मायकेलला आपले दोन पेनी म्हातारीला द्यायचे आहेत. बँकेतले म्हातारे संचालक त्याला घेरून वसाहतींतल्या रेल्वे, धरणे, चहाचे मळे यांचे गाणे गातात आणि नाणे हिसकावून घेतात. मुलगा ओरडतो : माझे पैसे परत द्या! ते ऐकून इतर ग्राहक घाबरतात, पैसे काढायला धावतात आणि बलाढ्य बँकेला व्यवहार बंद करावे लागतात. एका मुलाने हक्काची वस्तू मोठ्याने मागितली आणि सगळा डोलारा हादरला. ते चहाचे मळे कोणाच्या घामावर उभे राहिले हे आसामात नेल्या गेलेल्या आदिवासी मजुरांच्या नातवंडांना विचारावे. भांडवलशाहीचा इतका सोपा पाठ मुलांच्या चित्रपटात क्वचितच सापडतो. निर्मात्यांना तो अभिप्रेत नव्हता, एवढेच.

म्हणून माझे उत्तर असे. चार-पाच वर्षांच्या मुलापुढे हा चित्रपट एकट्याने लावून आईबापांनी उठून जाऊ नये. आठ-नऊ वर्षांच्या मुलाबरोबर तो जरूर पाहावा आणि शब्द कापू नये. कापलेला शब्द कळत नाही, आणि उद्या मैदानात तोच शब्द वेगळ्या रूपात अंगावर आला की मूल निःशस्त्र असते. छपरावरचा प्रसंग आला की थांबावे आणि विचारावे : हे कोणाला उडवत आहेत? यांचे घर कोठे आहे? ही म्हातारी रात्री कोठे झोपते? एवढे तीन प्रश्न पुरेत. प्रश्न विचारायला शिकलेले मूल गाणे विसरत नाही, पण गाण्याला फसतही नाही.

शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना याहून थोडे अधिक सांगायचे आहे. प्रस्थापितांच्या कलाकृतींची चिकित्सा करणे हे आपले अर्धे काम झाले. उरलेले अर्धे अजून बाकी आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने 2013 मध्ये डुक्कर पकडण्याच्या कामातली लाज, वास आणि संताप जसाच्या तसा पडद्यावर आणला, वर्गमित्रांसमोर ते काम करावे लागणारा जब्या आपण विसरू शकत नाही. पण तो चित्रपट सात वर्षांच्या मुलासाठी नाही. एका बाजूला काजळीला भाग्य म्हणणारे गाणे आणि दुसऱ्या बाजूला ‘फँड्री’चा दगड, यांच्यामधली जागा जवळजवळ मोकळी आहे. जलसे आणि भीमगीते यांची केवढी मोठी परंपरा आपल्याजवळ आहे! ठेका आहे, आवाज आहे, कथा आहेत. त्या परंपरेतून लहान मुलांसाठी नाचते-गाते असे काही घडवणे आपल्याला अशक्य नाही. दलित साहित्याने मुलांना आपला वाचक-प्रेक्षक मानले पाहिजे. नाहीतर आपल्या मुलांना गाणी दुसरेच शिकवतील, आणि त्या गाण्यांत आपली माणसे छपरांवर हसत हसत पळताना दिसतील.