सप्तकाचं चक्रवाढ व्याज

निकोलस स्लोनिम्स्की नावाच्या गृहस्थाने १९४७ साली सुरावटींचा एक जाडजूड कोश छापला. नाव 'थिसॉरस ऑफ स्केल्स अँड मेलॉडिक पॅटर्न्स'. मी पडलो बी.कॉम., त्यामुळे मला तो पाहताक्षणी आवडला. सप्तकात स्वर बारा. त्यांचे दोन भाग पाडा, तीन पाडा, चार पाडा, आणि प्रत्येक भागात सारख्याच अंतरावर जादा स्वर खोचत चला. झाली नवी सुरावट! तीन भागांत सा, शुद्ध गंधार आणि कोमल धैवत मिळतात. चार भागांत सा, कोमल गंधार, तीव्र मध्यम आणि शुद्ध धैवत. एवढ्यावर भागेना, म्हणून या गृहस्थाने सात सप्तकं घेऊन त्यांचेही बारा भाग पाडले. हजाराहून अधिक नोंदी. मार्चअखेरीला हा माणूस आमच्या शाखेत हवा होता!

तक्रार एकच. सप्तकाच्या दोन, तीन, चार भागांच्या वाटणीत पंचमाला मूळ खांबांत जागाच उरत नाही. शिवाय सगळे खांब सारख्याच तोलाचे, मग 'सा' म्हणायचं कुणाला? ज्या चाळीत सगळेच मालक, तिथे पाण्याची मोटर कोण लावणार? भातखंड्यांनी दहा थाट मांडले खरे, पण मैफलीत थाट कुणी गात नाही हो, राग गातात. स्लोनिम्स्की थाटावर थाट देतो आणि पुढचं तुम्ही बघा म्हणतो. नुसता कोश घोकून सॅक्सोफोन वाजवणाऱ्याचं वादन मला तरी पाढ्यांसारखं लागतं.

पण जॉन कोलट्रेन याच पुस्तकावरून रियाज करीत असे. १९५९ साली त्याने 'जायंट स्टेप्स' ध्वनिमुद्रित केलं, त्यात तीन भागांचीच वाटणी आहे. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी सात, पांढरी पाच आणि काळी दोन, या तीन पट्ट्यांत गाणं गरगरतं. बहुतेक ठिकाणी दर दोन मात्रांनी कॉर्ड बदलते, आणि लय अशी की लोकल पकडायची आहे. आता गंमत पाहा. एवढ्या चमत्कारिक रस्त्यावरून धावताना कोलट्रेन वारंवार वाजवतो काय, तर त्या त्या कॉर्डचे सा रे ग प! आपल्याकडे पोरं पेटीवर पहिल्या महिन्यात गिरवतात ते. विचित्रपणा सगळा वाटेत आहे, पावलं साधी आहेत. म्हणून ते ऐकवतं.

त्या ध्वनिमुद्रणात पियानोवर टॉमी फ्लॅनगन होता. त्याची पाळी आली तेव्हा बिचारा अडखळला, वाक्यं अर्धी राहिली, शेवटी नुसत्या कॉर्ड धरून त्याने वेळ निभावली. तेवीस वर्षांनी, १९८२ साली, त्याने तेच गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. कोलट्रेन जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. या खेपेला फ्लॅनगन कुठेही थांबत नाही. मला दोन्ही आवडतात. पण पाहुणे आले की मी पहिलंच लावतो.