७९९ आणि ८००: फ्लाय फिशिंगविषयक काही ग्रंथांचे वाचन

ड्यूई दशांश वर्गीकरणात मासेमारी आणि शिकार यांना ७९९ हा क्रमांक आहे. त्याच्या लगतच, ८०० पासून, साहित्याचा प्रांत सुरू होतो. हा शेजार केवळ योगायोगाचा आहे. परंतु फ्लाय फिशिंगविषयीच्या इंग्रजी ग्रंथांपुरता तरी तो अर्थपूर्ण ठरला आहे. पाच शतकांहून अधिक काळ सलग चालत आलेली ही लेखनपरंपरा आहे. एवढे सातत्य इतर कोणत्याही क्रीडाप्रकाराच्या लेखनात मला आढळलेले नाही. तरीही तौलनिक साहित्याच्या अभ्यासक्रमांत तिला स्थान नाही, कारण ती 'कसे करावे' हे सांगणारी, म्हणजे कृतिग्रंथांची परंपरा आहे आणि कृतिग्रंथ हा वाङ्मयप्रकार म्हणून आपण गंभीरपणे हाताळलेला नाही. त्यातील एखादे पुस्तक साहित्य म्हणून स्वीकारले जाते तेव्हा त्यातील मासेमारी हे 'निमित्त' आहे, खरा विषय निसर्ग, मृत्यू किंवा ईश्वर आहे, असे समर्थन केले जाते. प्रस्तुत लेखाची भूमिका याच्या उलट आहे. या परंपरेतील जे ग्रंथ मी अभ्यासकांना आवर्जून वाचायला सांगतो, ते कृतिग्रंथ असण्याचे सोडून साहित्य झालेले नाहीत. त्यांतील सारा भाव शिकवण्याच्या रूपबंधातच साठलेला आहे.

त्यासाठी प्रथम कृती समजून घेतली पाहिजे. साध्या गळात वजन आमिषाला किंवा शिशाच्या तुकड्याला असते. ते फेकले की दोरी मागोमाग जाते. फ्लाय फिशिंगमध्ये बारीक गळाभोवती पिसे, केस आणि रेशमी धागा गुंडाळून कीटकाची प्रतिकृती केलेली असते. तिला वजन जवळजवळ नसते, त्यामुळे ती फेकता येत नाही. फेकायची असते ती दोरी. काठी वर उचलून मागे नेली की दोरी पाठीमागे हवेत सरळ होईपर्यंत थांबावे लागते आणि मगच काठी पुढे आणायची. घाईने फेकणाऱ्याची दोरी त्याच्याच पायाशी गोळा होते. हा मधला, काहीही न करण्याचा क्षण शिकवणे सर्वांत कठीण असते आणि या परंपरेतील चांगले गद्यही बहुधा त्या क्षणाभोवतीच लिहिले गेले आहे.

(मराठीत या विषयावर बोलू लागले की पहिल्याच वाक्यात अडचण येते. 'माशीने मासा पकडणे' असे म्हटले की श्रोते हसतात आणि तंत्र बाजूला राहते. अनुवादाच्या एका वर्गात मी 'पिसांची माशी' असा शब्दप्रयोग करून पाहिला. तो टिकला, पण हसू थांबले नाही.)

परंपरेचा आरंभ साधारणतः १४९६ मध्ये विंकिन द वर्ड याने छापलेल्या, गळाने मासे धरण्यावरील इंग्रजी प्रबंधापासून मानला जातो. त्यात महिन्यांनुसार बारा माश्यांच्या कृती दिलेल्या आहेत. तो डेम ज्युलियाना बर्नर्स या साध्वीच्या नावावर सांगितला जातो, पण या कर्तृत्वाला भक्कम आधार नाही. वाचनाचा आरंभ मात्र आयझॅक वॉल्टनच्या 'द कम्प्लीट अँगलर'पासून (१६५३) करावा. या ग्रंथाविषयी एक गैरसमज रूढ आहे: हा फ्लाय फिशिंगचा आद्य ग्रंथ आहे, असा. वस्तुतः वॉल्टनचे मन किडे, बेडूक आणि जिवंत आमिष यांत रमते. माशीविषयीची बरीच माहिती त्याने टॉमस बार्कर या पूर्वसूरीकडून घेतली आहे. खरे फ्लाय फिशिंग त्या ग्रंथात आले ते १६७६ च्या पाचव्या आवृत्तीत, वॉल्टनचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन याने लिहिलेल्या दुसऱ्या भागामुळे.

हा दुसरा भाग मला पहिल्याहून अधिक महत्त्वाचा वाटतो. वॉल्टनच्या भागात गुरू बोलतो आणि शिष्य माना डोलावतो. संवाद हे तेथे केवळ पात्र आहे, माहिती ओतण्याचे. कॉटनच्या भागात शिष्य खरोखर चुकतो, गळ तुटतो, मासा निसटतो, आणि गुरूला आपले वाक्य बदलून पुन्हा सांगावे लागते. उपदेश आणि अनुभव यांतील अंतर गद्यात दिसू लागते. वॉल्टनच्या शांततेलाही एक किंमत आहे, हे मात्र विसरू नये. राजा पहिल्या चार्ल्सचा १६४९ मध्ये शिरच्छेद झाला होता. वॉल्टन राजपक्षाचा व अँग्लिकन चर्चचा निष्ठावंत होता आणि त्याचे जग नुकतेच उद्ध्वस्त झाले होते. नदीकाठचे ते प्रसन्न पांथस्थ, ती गाणी, तो पाहुणचार यांमागे एका पराभूत पक्षाचे मौन आहे. राजकारणाचा उल्लेख करता येत नाही, म्हणून गळाला किडा कसा लावावा हे सविस्तर सांगितले जाते. कृतिवर्णन हा न बोलण्याचा मार्ग होऊ शकतो, हे येथे प्रथम लक्षात येते.

एकोणिसाव्या शतकातील हँपशरच्या खडूच्या प्रदेशातील नद्यांचा वाद थोडक्यात सांगून पुढे जातो. फ्रेडरिक हॅल्फर्डने १८८६ मध्ये पाण्यावर तरंगणाऱ्या माश्यांवर ग्रंथ लिहिला. मासा त्या क्षणी जो कीटक खात आहे त्याचीच अचूक प्रतिकृती पाण्याच्या पृष्ठभागावर सोडावी, हे त्याचे मत पुढे जवळजवळ धर्माज्ञा बनले. जी. ई. एम. स्क्यूज या वकिलाने १९१० च्या पुस्तकात सौम्यपणे दाखवून दिले की ट्राउट आपले बहुतेक अन्न पृष्ठभागाखाली घेतो. यावरचा वाद १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमधील जाहीर चर्चेपर्यंत पोहोचला. अनुकृतीच्या सिद्धान्ताचा इतिहास शिकवताना हा वाद मला फार उपयोगी पडतो. अनुकृती दृश्याची करायची की जे दिसत नाही पण घडत असते त्याची? स्क्यूजचे गद्य आजही वाचनीय आहे. हॅल्फर्डचे नाही, त्याच्यात शंका नाही, म्हणून लयही नाही.

हेमिंग्वेची 'बिग टू-हार्टेड रिव्हर' (१९२५) ही कथा अशा प्रत्येक यादीत असते. काटेकोरपणे पाहता ती बाद व्हावी, कारण निक अ‍ॅडम्स पिसांची माशी नव्हे तर टोळ वापरतो. युद्धातून परतलेल्या माणसाच्या या कथेत युद्धाचा उल्लेखच नाही, हे सर्वज्ञात आहे. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते हे की, युद्धाची जागा तेथे सूचनांनी घेतली आहे. तंबू कसा ठोकावा, दवाने जड झालेले टोळ सकाळीच कसे गोळा करावेत, मासा सोडण्यापूर्वी हात का भिजवावा. वॉल्टनने जे केले तेच, फक्त गाणी वगळून.

नॉर्मन मॅक्लीन यांच्या 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' (१९७६) या लघुकादंबरीवर मात्र थांबले पाहिजे. मॅक्लीन (जन्म १९०२) शिकागो विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. आर. एस. क्रेन यांनी संपादिलेल्या 'क्रिटिक्स अँड क्रिटिसिझम' (१९५२) या नव-ॲरिस्टॉटलवादी संग्रहात किंग लिअरच्या वेडावरील त्यांचा निबंध आहे. निवृत्तीनंतर, सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी कथालेखन केले. न्यूयॉर्कच्या व्यावसायिक प्रकाशकांनी ते नाकारले. अखेर त्यांच्याच विद्यापीठाच्या मुद्रणसंस्थेने छापले आणि ते त्या संस्थेने प्रकाशित केलेले पहिले स्वतंत्र कथात्म पुस्तक ठरले. १९७७ च्या पुलित्झरसाठी परीक्षकांनी याची शिफारस केली होती. त्या वर्षी कथात्म साहित्याचा पुरस्कारच दिला गेला नाही. रॉबर्ट रेडफर्डच्या १९९२ मधील चित्रपटानंतर पुस्तक सर्वतोमुखी झाले आणि त्याचे वाचनही बिघडले. नदी, प्रकाश, हवेतील दोरीचे वळण: चित्रपटाने ही सारी दृश्ये सुंदर केली. पुस्तकात मात्र ती आधी पाठ म्हणून येतात.

मोंटानातील प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक वडील आपल्या दोन मुलांना लयमापकाच्या ठोक्यांवर, चार मात्रांत दोरी फेकायला शिकवतात. निवेदक हा थोरला मुलगा. धाकटा पॉल लय शिकतो आणि मग ती मोडून स्वतःची नवी करतो. तो असामान्य फेकी आहे. शिवाय जुगारी, मद्यपी आणि कर्जबाजारीही. थोरल्या भावाला त्याला मदत करायची आहे आणि कशी करावी ते कळत नाही. कादंबरीचा सारा ताण या एका विसंगतीत आहे: जे शिकवता येते त्याचे वर्णन विलक्षण अचूक आहे, आणि जे शिकवता येत नाही, म्हणजे जवळच्या माणसाला वाचवणे, त्याविषयी निवेदकाकडे एकही सूचना नाही. मधल्या प्रसंगात किड्यांचा डबा घेऊन नदीवर येणारा मेहुणा नील विनोदी वाटतो. परंतु तो याच प्रश्नाचे दुसरे, हास्यास्पद रूप आहे. त्यालाही मदत करता येत नाही.

तंत्रवर्णनाची पाने वाचक वगळतात, हे मी वर्गात अनेकदा पाहिले आहे. वगळलेल्यांना शेवट कळत नाही. पॉलचा मारहाणीत मृत्यू होतो. मृत्यूचे दृश्य नाही, शोकाचे वर्णन नाही. वडील मुलाला विचारतात, आणखी काही सांगण्यासारखे आहे का. तो सांगतो की पॉलच्या एका हाताची जवळजवळ सारी हाडे मोडलेली होती. वडील विचारतात, कोणत्या हाताची. उत्तर येते: उजव्या. एवढेच. शंभरेक पाने आपण त्या उजव्या हाताचे शिक्षण वाचलेले असते. मनगट किती वळवावे, कोठे थांबावे, काठी कोणत्या कोनात रोखावी. म्हणून या एका शब्दावर वडिलांचे सारे दुःख पेलले जाते. कृतिवर्णन वगळून ही करुणा निर्माण करता आली असती असे मला वाटत नाही.

अखेरच्या भागात नदीकाठी बसून ग्रीक भाषेतील योहानाचे शुभवर्तमान वाचणारे वडील आणि मुलगा यांच्यात शब्द आधी की पाणी आधी असा प्रश्न निघतो. समीक्षकांनी यावर पुष्कळ लिहिले आहे. मला तो भाग किंचित सजवलेला वाटतो. प्राध्यापक मॅक्लीन तेथे कथाकार मॅक्लीनच्या खांद्यावरून डोकावतो. चरित्रातील एक तपशील मात्र अभ्यासकाने ध्यानात ठेवावा. प्रत्यक्षातील पॉल मॅक्लीनचा खून १९३८ मध्ये शिकागोत झाला. कादंबरीने तो मोंटानात आणला. भाऊ शहरात, लेखकाच्याच विद्यापीठाच्या परिसरात नोकरी करत असताना गेला, हे वास्तव कथेला पेलले नसावे. नदीपाशी असतानाच तो गेला असे लिहिण्यासाठी लेखकाने जवळजवळ चार दशके घेतली.

शेवटचा ग्रंथ मी आवडीने नव्हे, तर जरा अस्वस्थपणे सुचवतो. जॉर्ज केल्सनचा 'द सॅमन फ्लाय' (१८९५). ट्राउटची माशी ही अनुकृती असते. पण अंडी घालण्यासाठी समुद्रातून नदीत शिरलेला सॅमन अन्न घेणे थांबवतो, म्हणून त्याच्यासाठीची माशी कशाचीच प्रतिकृती नसते. ती शुद्ध अलंकार असते. व्हिक्टोरियन काळात या अलंकाराला साम्राज्याचा पुरवठा लाभला. 'जॉक स्कॉट' या प्रसिद्ध माशीच्या कृतीत मोर, सोनेरी फेजंट, दक्षिण अमेरिकेतील मकाव आणि आपल्या सह्याद्रीत वावरणारा राखी रानकोंबडा, या सर्वांची पिसे लागतात. रानकोंबड्याच्या मानेवरील पिसांना मेण ओतल्यासारखे चकाकणारे ठिपके असतात. स्कॉटलंडच्या नद्यांत ते माशीच्या दोन्ही बाजूंना लावले जात. (त्याच कृतीत 'इंडियन क्रो' म्हणून जे पीस येते, त्याचा भारताशी काही संबंध नाही; तो दक्षिण अमेरिकेतला पक्षी आहे. व्यापाऱ्यांची भौगोलिक समज.) केल्सनची कृती आज्ञार्थी, नेमकी आणि आत्मविश्वासपूर्ण आहे: कोणते पीस, कोठे, किती. पीस कोणाचे, कोणी मारले, कोणत्या रानात, हे प्रश्न या वाक्यरचनेत उद्भवतच नाहीत. वॉल्टन आणि हेमिंग्वे यांच्याकडे जे मौन वेदनेचे होते, तेच येथे सोयीचे झाले आहे. कृतिग्रंथाच्या रूपबंधाची मी बाजू घेतो तेव्हा त्याची ही बाजूही मला मान्य करावी लागते.

म्हणून केल्सनसोबत कर्क वॉलेस जॉन्सन यांचे 'द फेदर थीफ' (२०१८) वाचावे. २००९ मध्ये लंडनमध्ये शिकणाऱ्या एका तरुण अमेरिकन बासरीवादकाने ट्रिंग येथील नैसर्गिक इतिहास संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरली. त्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी जमवलेले नमुनेही होते. हेतू एकच, व्हिक्टोरियन कृतींप्रमाणे माश्या बांधण्यासाठी खरी पिसे मिळवणे आणि विकणे. जॉन्सन स्वतः ट्राउटचे मासेमार आहेत. या चोरीची हकीकत त्यांनी प्रथम न्यू मेक्सिकोतील नदीत उभे असताना वाटाड्याकडून ऐकली. त्यांचे पुस्तक शोधपत्रकारितेच्या वळणाचे आहे आणि काही प्रकरणे रेंगाळतात. परंतु एक तपशील कोणाही साहित्याभ्यासकाला थांबवील. संग्रहालयातील प्रत्येक पक्ष्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते: कोठे सापडला, कोणत्या दिवशी, कोणी टिपला. चोरीनंतर अनेक कातड्यांवरून या चिठ्ठ्या काढून टाकण्यात आल्या. पिसे बाजारात गेली, काही परतही मिळाली. चिठ्ठीवाचून परतलेला पक्षी मात्र संशोधनाला जवळजवळ निरुपयोगी असतो. चिठ्ठीचे गद्य आणि केल्सनच्या कृतीचे गद्य शेजारी ठेवून वाचावे; दोन्ही तितकीच त्रोटक आहेत आणि दोन्हींत एकही विशेषण वाया गेलेले नाही.