कालियाला रमणक, कार्लोफला पवनचक्की

आपल्याकडे अक्राळविक्राळ प्राण्याचा चित्रपट झालाच नाही, असे विधान चित्रपटविषयक लेखनात अधूनमधून भेटते. कारणेही ठरलेली असतात. पैसा नव्हता, तंत्र नव्हते, आणि प्रेक्षकाला देवादिकांखेरीज काही नको होते. मलाही हे बरीच वर्षे खरे वाटत होते. चित्रपटाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. बारामतीत राहून मिळेल ते वाचले, जमेल तेव्हा पुण्याला जाऊन पाहिले, एवढेच माझे भांडवल. पण दादासाहेब फाळक्यांच्या १९१९ च्या ‘कालिया मर्दन’ची आज उरलेली रिळे पाहिली, त्यानंतर काही महिन्यांनी जेम्स व्हेलचा १९३१ चा ‘फ्रँकेन्स्टाइन’ पुन्हा पाहिला, आणि हे विधान तपासून पाहावे असे वाटू लागले.

आधी शब्दाचा घोळ. इंग्रजीतल्या ‘मॉन्स्टर’ला आपल्याकडे नेमका शब्द नाही. राक्षस म्हणावे तर ते एक कूळ आहे. त्याला आईबाप आहेत, राज्य आहे, घटोत्कचासारखा तर तो आपल्याच बाजूने लढतो. भूत म्हणजे मेलेला माणूस. मुंजा, हडळ, समंध यांची तर जातपात आणि मरणाचे कारणसुद्धा गावाला ठाऊक असते. इंदापूर तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या गावाच्या शिवेवर वेताळ किंवा म्हसोबा शेंदूर लावून बसलेला दिसेल. त्याची भीती असते, पण वर्षाकाठी त्याचा मानही असतो. म्हणजे आपल्या भयाला पत्ता आहे. व्हेलच्या चित्रपटातल्या प्राण्याला तो नाही. तो प्रेतांच्या तुकड्यांतून शिवलेला. ना कुळाचा, ना गावाचा. त्याला नावही नाही. लोक बनवणाऱ्याचेच नाव त्याला देऊन मोकळे होतात.

या अर्थाने कालिया ‘मॉन्स्टर’ नव्हे, असे कुणी म्हणेल. तो पुराणातला नाग आहे. पण पडद्यावर तो कसा येतो ते पाहा. डोहाच्या पोटात दडलेला, पाणी नासवणारा, माणसापेक्षा कितीतरी मोठा, आणि कापड-लाकडातून माणसाच्या हातांनी घडवलेला. पाण्याखाली त्याची आणि कृष्णाची झटापट चालू असताना फाळके काठावरच्या भेदरलेल्या गोकुळाकडे जातात आणि परत डोहात येतात. काठावरची माणसे खाली काय चालले आहे ते पाहू शकत नाहीत, आपण पाहू शकतो. भयपटाचे हे मूळ तंत्र आहे, आणि ते नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीत १९१९ साली वापरले गेले. व्हेलच्या प्रयोगशाळेत वीज कडाडायला अजून बारा वर्षे होती.

‘तंत्र नव्हते’ हा आक्षेपही टिकत नाही. फाळक्यांनी अगदी आरंभीच्या काळात वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट घेऊन पडद्यावर दाखवली होती, आणि ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या नाचवल्या होत्या. १९३३ च्या ‘किंग काँग’मध्ये विलिस ओब्रायनने वानराची छोटी बाहुली केसभर हलवत, एकेक चौकट टिपत तिला जिवंत केले, त्यामागची युक्ती याच कुळातली. फाळक्यांना अजस्र वानर करता आला नसता असे नाही. त्यांना तो सुचला नाही, आणि तो का सुचला नाही, हा खरा प्रश्न आहे.

दोन्ही चित्रपटांच्या आरंभाकडे पाहिले तर उत्तराचा एक धागा हाती येतो. ‘फ्रँकेन्स्टाइन’च्या सुरुवातीला पडद्यामागून एक गृहस्थ येतात आणि प्रेक्षकांना सभ्यपणे बजावतात की जे दिसणार आहे त्याने धक्का बसेल. पुढच्या श्रेयनामावलीत प्राण्याच्या भूमिकेसमोर नटाचे नाव नाही, प्रश्नचिन्ह आहे. बोरिस कार्लोफचे नाव कळते ते शेवटी. फाळके नेमके उलट करतात. त्यांची मुलगी मंदाकिनी, वय सहा-सात वर्षांचे, आधी साध्या रूपात कॅमेऱ्यासमोर येते. हसणे, रागावणे, रडवेले होणे असे चेहऱ्यावरचे भाव एकामागून एक करून दाखवते. मग त्याच चेहऱ्यावर कृष्णाचा वेश हळूच उमटतो. म्हणजे हा देव म्हणजे आमची पोर आहे, हे आधीच सांगून टाकलेले. एकजण नट लपवून भीती पेरतो, दुसरा नट दाखवून भीती काढून घेतो. आणि तरीही कालिया डोहातून वर येतो तेव्हा अंगावर काटा येतो. मला यात फाळक्यांची ताकद जास्त दिसते, हे माझे मत म्हणूनच घ्यावे.

या पोरीवरून पुढचा मुद्दा. व्हेलच्या चित्रपटातही एक मुलगी आहे, मारिया, साधारण तेवढ्याच वयाची, आणि तिथेही पाणी आहे. तळ्याकाठी ती एकटी खेळते आहे. प्राणी झुडपातून येतो. ती घाबरत नाही, त्याचा हात धरते, त्याला फुले देते. दोघे फुले पाण्यावर सोडतात, ती तरंगतात, आणि संपूर्ण चित्रपटात तो पहिल्यांदा मनापासून हसतो. फुले संपतात. फूल तरंगते तशी ही पोरही तरंगेल असे त्याला वाटते, आणि तो तिला उचलून पाण्यात टाकतो. ती बुडते. तो भांबावून जातो, हात चोळत पळतो. मुलीला फेकण्याचा तुकडा पुढे कित्येक वर्षे कापलेला होता, १९८० च्या दशकात तो परत जोडला गेला. कात्रीने इथे उलटेच काम केले. तुकडा नसताना प्राणी मुलीकडे हात पुढे करतो आणि पुढे बाप तिचे प्रेत उचलून गावातल्या उत्सवातून चालत येतो. मधल्या जागेत प्रेक्षक स्वतःच्या मनातले सगळे वाईट भरतो. तुकडा परत आला तेव्हा प्राण्याचा गुन्हा लहान झाला आणि आपला संशय उघडा पडला.

तळ्याकाठी मुलगी बुडते, डोहात मुलगी फणीवर नाचते. तिकडे गाव मशाली पेटवून बाहेर पडते, पवनचक्कीत प्राण्याला कोंडते आणि चक्कीला आग लावते. इकडे काय होते ते आपल्याला पोथीतून माहीत आहे. बारामतीकराला तर ते घरचेच. कऱ्हेकाठच्या मोरोपंतांनी ‘कृष्णविजय’ रचले ते याच गावात राहून, आणि खेड्यापाड्यांत श्रीधरांचा ‘हरिविजय’ पिढ्यान्‌पिढ्या लावला गेला. गरुडाच्या भयाने कालिया रमणक द्वीप सोडून यमुनेच्या डोहात येऊन राहिला होता, कारण सौभरी ऋषींच्या शापामुळे गरुड तिथे येऊ शकत नव्हता. कृष्ण त्याला नाचून जेरीस आणतो, नागपत्नी पोरांना घेऊन पुढे येतात, पदर पसरतात. कृष्ण त्याला मारत नाही. परत रमणकाला जा म्हणतो, आणि तुझ्या फण्यांवर माझी पावले उमटली आहेत, ती पाहून गरुड तुला काही करणार नाही, अशी हमी देतो.

इथे मला घरचे सांगावे लागेल. माझे आजोळ भीमाकाठचे, इंदापूर तालुक्यातले. मी शाळकरी असताना जत्रेला तिथे तंबू लागायचा. दिवसा जीप कर्णा लावून आसपासच्या वाड्यावस्त्यांवर फिरायची, अंधार पडला की जनरेटर सुरू व्हायचा. मधे पडदा, बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या. तिथेच मी आजीच्या मांडीला टेकून ‘बीस साल बाद’ पाहिला. ओसाड वाडा, रात्रीचे गाणे, दलदल. माझी पाचावर धारण बसली होती. शेवटी मारेकरी माणूस निघाला तेव्हा आजी वैतागून म्हणाली, ‘आरं, ह्यो तर मानूसच निघाला की!’ तिला फसवल्यासारखे वाटले होते. पुढे उजनीचे पाणी चढले आणि गाव, तंबूची जागा, वेताळाचा चौथरा सगळे त्याखाली गेले. गावठाण वर सरकले. नव्या घरात आजीने पहिल्या अधिक महिन्यात पोथी लावली. वाचणारा कालियाच्या अध्यायाला आला, रमणकाला जायची आज्ञा झाली, तेव्हा ती वाचणाऱ्याला थांबवून म्हणाली, ‘त्येला निदान माघारी जायाला जागा तर व्हती.’ मला तेव्हा ते ऐकून हसू आले होते. आता येत नाही.

या वाक्यामुळे मी ‘कालिया मर्दन’ विजयाचा चित्रपट म्हणून पाहू शकत नाही. कालिया हा निर्वासित आहे. भयाने एक जागा सोडली, दुसऱ्या जागी राहिला, तिथल्यांना त्रासदायक ठरला आणि पुन्हा हलवला गेला. फक्त त्याला जाण्याचे ठिकाण दिले गेले, आणि वर संरक्षणाची खूण. व्हेलच्या प्राण्याला रमणक नाही, आणि त्याच्यासाठी पदर पसरणारेही कुणी नाही. त्याला घडवणारा डॉक्टरच मशालवाल्यांबरोबर आहे. ‘आपल्याकडे असले चित्रपट का झाले नाहीत’ याचे उत्तर मला इथे सापडते. आपल्या कथेत प्राण्याला शेवटी कुठेतरी बसवले जाते, शिवेवर, झाडावर, बेटावर. जाळून मोकळे होणे आपल्या कथाकाराला सुचत नाही. याचा अर्थ आपण दयाळू आहोत असा कुणी काढू नये. शिवेवर बसवणे म्हणजे शिवेच्या आत न घेणेही असते, आणि ही वागणूक आपण फक्त वेताळालाच दिली असेही नाही.

कार्लोफबद्दल एक गोष्ट इकडच्या वाचकाला सांगण्याजोगी आहे. भिगवणपलीकडे भीमा ओलांडली की नगर जिल्हा लागतो. सयामच्या राजाच्या मुलांना शिकवायला गेलेल्या आणि पुढे त्यावरच्या पुस्तकांनी गाजलेल्या ॲना लिओनोवेन्स यांचा जन्म १८३१ चा, अहमदनगरचा. आज त्याला अहिल्यानगर म्हणतात. त्यांची सख्खी बहीण एलायझा हिच्या मुलीचा मुलगा म्हणजे विल्यम हेन्री प्रॅट, ऊर्फ बोरिस कार्लोफ. जन्म लंडनमध्ये, २३ नोव्हेंबर १८८७. घराण्यात भारतीय रक्त असावे असे अभ्यासक मानतात, आणि ॲनाबाईंनी आपले मूळ जन्मभर लपवले. कार्लोफच्या अभिनयाचे स्पष्टीकरण यातून निघते असे मी म्हणणार नाही. तसली ओढाताण मला आवडत नाही. पण श्रेयनामावलीतले ते प्रश्नचिन्ह आता मला निराळे दिसते, एवढे खरे.

बोलपटांच्या काळात आपला अक्राळविक्राळ प्राणी माणसात शिरला. प्रभातचा ‘अमृतमंथन’ (१९३४) याचा मोठा पुरावा. शांताराम आदल्याच वर्षी जर्मनीला जाऊन आले होते, आणि तिथली काळोखाची भाषा या चित्रपटात स्पष्ट दिसते. बळी बंद करणाऱ्या राजाविरुद्ध उठलेला राजगुरू, मराठीत केशवराव दाते आणि हिंदीत चंद्रमोहन. चंद्रमोहनचा तो पडदाभर डोळा कार्लोफच्या जड पापण्यांच्या शेजारी ठेवून पाहावा. कार्लोफचा डोळा काहीतरी शोधतो, राजगुरूच्या डोळ्याला सगळे आधीच सापडलेले असते. हा खरा भयंकर. ‘महल’ (१९४९), ‘बीस साल बाद’ (१९६२), ‘वह कौन थी’ (१९६४) यांत मात्र भुताचा उलगडा शेवटच्या रिळात माणसापाशी होतो. छायालेखन उत्तम, गाणी अवीट, पण आजीचा वैताग मला मान्य आहे. ‘मधुमती’ने (१९५८) भूत भूतच ठेवले, म्हणून तो आजही टिकतो.

माझ्या मांडणीवर एक आक्षेप मी स्वतःच घेतो. कालियाची गोष्ट देवाची आहे. निकाल आधीच ठरलेला. तिथे दया ही बलवानाची मेहेरबानी आहे, आणि कालियाला कुणी काही विचारलेले नाही. त्याच्यासाठी त्याच्या बायका बोलतात. हे खरेच आहे. व्हेलने निदान त्या मुक्या प्राण्याला एक प्रसंग त्याच्या एकट्याचा दिला. तो जिवंत झाल्यावर प्रथमच खोलीत येतो आणि डॉक्टर छतावरची झडप उघडतो. वरून ऊन पडते. प्राणी मान वर करतो, दोन्ही हात उंचावून ते ऊन धरायला बघतो. डॉक्टर झडप लावून घेतो. प्राण्याचे हात काही वेळ तसेच वर राहतात, मग तो ते डॉक्टरपुढे पसरतो. मशाल घेऊन येणारा नोकर अजून दाराबाहेर आहे.